खिडकी दापोलीत, प्रोग्रॅम पुण्यात

खगोलशास्त्राची एखादी विद्यार्थिनी पावसाळ्यात दापोलीला घरी आली आहे असं समजा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. त्यांनी टिपलेल्या रेडिओलहरींचा डेटा तिच्या संस्थेच्या पुण्यातल्या लिनक्स (विंडोजसारखीच, पण मुक्त संगणकप्रणाली) संगणकावर पडलेला आहे. तो तपासायचं 'कासा' हे सॉफ्टवेअर लिनक्स आणि मॅकवर चालतं, विंडोजवर नाही, आणि घरचा लॅपटॉप तर विंडोजचा. डेटाच घरी उतरवून घ्यावा म्हटलं, तर १०० जीबीच्या फाइलला २० एमबीपीएसच्या नेटवर अकरा तास लागतात, तेही मध्ये एकदाही खंड पडला नाही तर. जुलैत कोकणात अकरा तास सलग वीज आणि नेट दोन्ही राहतील यावर कुणी विसंबू नये.

त्यापेक्षा डेटा आणि प्रोग्रॅम जिथल्या तिथे राहू द्यावेत आणि प्रोग्रॅमची खिडकी, म्हणजे पडद्यावर दिसणारा त्याचा चौकोन, तेवढी घरी आणावी. हे तंत्र जुनं आहे आणि फुकट आहे. पण ते वापरायच्या पद्धती एकाहून अधिक आहेत, आणि पुण्यातल्या ऑफिसात जी पद्धत छान चालते तीच दापोलीत जीव नकोसा करते. याचं खापर नेटच्या वेगावर फोडलं जातं. बहुतेक वेळा खरं कारण वेगळं असतं.

लिनक्सवर खिडक्या काढायचं काम वर्षानुवर्षं 'एक्स विंडो सिस्टिम' करत आली आहे. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत बॉब शायफ्लर आणि जिम गेटीस यांनी ती सुरू केली. सप्टेंबर १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली आणि आजही तीच चालते, म्हणून तिला एक्स११ म्हणतात. तिची मूळ कल्पना मला फार सुंदर वाटते. प्रोग्रॅम स्वतः पडद्यावर काहीच काढत नाही. 'इथे चौकोन भर, इथून तिथे रेघ ओढ' अशा सूचना पाठवतो. काढणारा वेगळा, आणि तो त्याच संगणकावर असायला हवा असं बंधन नाही. फोनवरून मावशीला ठिपक्यांची रांगोळी सांगावी तसं हे आहे: फोटो पाठवायचा नाही, कोणता ठिपका कोणत्या ठिपक्याला जोडायचा एवढंच सांगायचं.

यात बचत किती होते बघा. एक चौकोन रंगवायची सूचना २० बाइटची. तुम्ही कळ दाबलीत, तर ती बातमी ३२ बाइटमध्ये उलट पोहोचते. याउलट १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्याचं चित्र दाबून लहान न करता पाठवायचं, तर प्रत्येक वेळी ६२ लाख बाइट.

विंडोजवर हा 'काढणारा' आयता नसतो, तो बसवावा लागतो. व्हीसीएक्ससर्व्ह, एक्समिंग ही त्यातली नावं. मोबाएक्सटर्म या दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो आतच असतो. त्याला एक्स सर्व्हर म्हणतात आणि तो चालतो तुमच्या लॅपटॉपवर, पुण्यात नाही. हे डोक्यात पक्कं बसलं की निम्मा गोंधळ संपतो. दोन्ही टोकं जोडतो एसएसएचचा बोगदा. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात टाटू युलेनेन यांनी लिहिलेला हा प्रोटोकॉल सगळी वाहतूक कूटबद्ध करतो. पुटी या एसएसएचने जोडून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक्स११ फॉरवर्डिंगच्या (एक्सच्या सूचना बोगद्यातून पुढे धाडायच्या) चौकटीत टिक करायची, लॉगिन करायचं, प्रोग्रॅमचं नाव टाइप करायचं, की पुण्याची खिडकी दापोलीत उघडते.

उघडते खरी, पण कधीकधी चहा होऊन जातो तरी पूर्ण दिसत नाही. कारण प्रोग्रॅम नुसत्या सूचना देत नाही, प्रश्नही विचारतो. पडदा केवढा आहे? या नावाला तू कोणता क्रमांक दिलास? आणि पुष्कळदा उत्तर येईपर्यंत थांबून राहतो. काचतंतूतून (ऑप्टिकल फायबर) प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे २०० किलोमीटर जाऊन यायला फक्त २ मिलिसेकंद. पण मोबाइलचं नेट टॉवरवर आपली पाळी येईपर्यंत थांबतं, मग कंपनीच्या मोठ्या केंद्राला वळसा घालतं. ५० मिलिसेकंद सहज होतात. सुरू होताना प्रोग्रॅमने असे २०० प्रश्न एकामागून एक विचारले, तर १० सेकंद निव्वळ वाट पाहण्यात गेले. तुम्ही महागडं रिचार्ज करून एमबीपीएस दुप्पट केलेत तरी हे १० सेकंद जवळपास तेवढेच राहतात.

त्यात आजचे प्रोग्रॅम बदललेत. जीटीके किंवा क्यूटी या खिडक्या-बटणांच्या तयार संचांवर बांधलेले प्रोग्रॅम गोलाई, सावल्या, अक्षरं स्वतःच रंगवतात आणि तयार चित्रच एक्सच्या हाती देतात. म्हणजे २० बाइटच्या सूचनेचा फायदा बराचसा गेला आणि प्रश्नोत्तरांचा त्रास मात्र उरला.

तरी संथपणा एकवेळ सोसता येतो. दुसरी गोष्ट नाही सोसता येत. साध्या एक्स११ फॉरवर्डिंगमध्ये जोडणी तुटली की पुण्यातल्या प्रोग्रॅमचा काढणाऱ्याशी संबंध तुटतो आणि प्रोग्रॅम तिथल्या तिथे बंद पडतो. जतन न केलेलं काम गेलं. वीज गेली, राउटर बंद झाला, लॅपटॉप झोपी गेला, काहीही पुरतं. म्हणून पश्चिम किनाऱ्यावर राहून काम करणाऱ्याने ही पद्धत पाच मिनिटांच्या कामापुरतीच ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन्ही दुखण्यांवर औषध एकच आहे: काढणाऱ्याला पुण्यातच बसवायचं. एक्सप्रा नावाचं मुक्त सॉफ्टवेअर लिनक्स संगणकावर एक आभासी पडदा उभा करतं. प्रोग्रॅमला वाटतं पडदा शेजारीच आहे. त्याच्या प्रश्नांना तिथल्या तिथे, मिलिसेकंदाच्याही आत उत्तरं मिळतात. दापोलीला येतो तो फक्त बदललेल्या भागाचा, दाबून लहान केलेला तुकडा. वीज गेली तर प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही लागत नाही. तासाभराने पुन्हा जोडा, खिडकी होती तशी समोर. एक्सटूगो हेच थोड्या वेगळ्या वाटेने, नोमशीन कंपनीच्या एनएक्स तंत्रावर करतं. एक्सआरडीपी तर विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपशी बोलतं, म्हणजे लॅपटॉपवर काहीच बसवावं लागत नाही. फक्त सुटी खिडकी न येता अख्खा डेस्कटॉप येतो. मी निवड एक्सप्राची करेन, कारण लिनक्सची खिडकी विंडोजच्या खिडक्यांशेजारी सुटी मांडता येते.

एक इशारा द्यायलाच हवा. खिडकी उघडत नाही म्हटलं की 'व्हीसीएक्ससर्व्हमध्ये प्रवेश-नियंत्रण बंद करा' असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. ते बंद केलं की बाहेरचा प्रोग्रॅमही तुमच्या पडद्याशी जोडला जाऊ शकतो. एक्सच्या रचनेत एकाच पडद्यावरचा एक प्रोग्रॅम दुसऱ्यात टाइप होणाऱ्या कळा वाचू शकतो, पासवर्डसकट. एसएसएचच्या बोगद्यातून येणाऱ्या खिडकीला अशी सूट लागतही नाही.

लिनक्समध्ये आता एक्सची जागा वेलँड घेतं आहे. क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी ते २००८ मध्ये सुरू केलं. त्याच्या गाभ्यात नेटवर्क नाहीच. दूरची खिडकी आणायला वेपाइप किंवा आरडीपीसारखी (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपची भाषा) वेगळी सोय लागते. विंडोज ११ मध्ये लॅपटॉपच्या आतच लिनक्सचे प्रोग्रॅम चालवता येतात, तिथेही खिडकी आरडीपीनेच पडद्यावर येते. चित्राचे तुकडे पाठवायची वाटच पुढे चालणार, हे यावरून दिसतं.

एक्सप्रा आणि एक्सटूगो दोन्ही टोकांना लागतात, आणि संस्थेच्या संगणकावर ते बसवायचा अधिकार विद्यार्थ्याला सहसा नसतो. तेव्हा मे महिन्यात घरी निघण्याआधी संगणक सांभाळणाऱ्यांकडून ते बसवून घ्यावं आणि पुण्यात असतानाच एकदा मोबाइलच्या नेटवरून जोडून, मुद्दाम तोडून, परत जोडून पाहावं. केवळ एका खिडकीसाठी कोकणातल्या मुलीने पुण्यात खोलीचं भाडं भरत राहावं, अशी वेळ यायचं आता कारण नाही.