घड्याळातली उंची आणि मठात राहिलेली नळी

सकाळी दहाच्या सुमाराला ट्रेकला वापरतात तसलं, उंची दाखवणारं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं तेव्हा उंची ५६० मीटर दाखवत होतं, पुण्यात तेवढीच असायला हवी. दुपारी चारला चहा घेताना बघितलं तर ५८६. घर जागेवर, टेबल जागेवर, आणि घड्याळाच्या मते मी आठ मजले वर चढलोय. पीस खराब आलाय म्हणून बदलून घेतला, तर नव्या घड्याळानं दुसऱ्या दिवशी चारला तेच केलं. मग जरा वाचायला घेतलं आणि कळलं की हा घोळ पावणेचारशे वर्षं जुना आहे.

मुळात या घड्याळाला उंची मोजताच येत नाही. त्याच्या पोटात एक बारका सेन्सर असतो, तो फक्त हवेचा दाब मोजतो आणि 'एवढा दाब म्हणजे एवढी उंची' असा हिशोब करून आकडा आपल्यासमोर टाकतो. वर चढलं की दाब कमी होतो हे खरं, पण दाब वर न चढताही कमी होतो, आणि सेन्सरला या दोन्हीतला फरक कळायचा काही मार्गच नाही.

सुरुवात इटलीतून. टॉरिचेलीनं १६४३-४४ च्या सुमाराला पाऱ्याची नळी उभी केली आणि सांगितलं की आपण सगळे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, वरच्या हवेचं वजन पाऱ्याला नळीत उचलून धरतं. फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कालनं पुढचा विचार केला की असं असेल तर डोंगरावर डोक्यावरची हवा कमी, म्हणजे पारा पण खाली यायला हवा. पास्काल स्वतः पॅरिसला, त्यात तब्येत तोळामासा, म्हणून त्यानं थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, फ्लोराँ पेरिएला कामाला लावलं (दाजींना असं डोंगरावर पिटाळायला आपल्याकडे कोणाची हिंमत झाली असती का माहीत नाही). १९ सप्टेंबर १६४८ ला पेरिए क्लेरमाँ शहराजवळच्या प्युई द डोम या जुन्या ज्वालामुखीवर साधारण हजार मीटर चढून गेला आणि वर पारा तीन इंचांहून थोडा जास्तच उतरला, आजच्या मापात ८५ मिलिमीटरच्या आसपास. त्यानं तेवढ्यावर सोडलं नाही, माथ्यावर आडोशाला, उघड्यावर, वाऱ्यात, धुक्यात असं फिरून फिरून रीडिंग घेतलं.

पण मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वरची नळी नाही वाटत, खालची वाटते. पेरिएनं निघायच्या आधी खाली क्लेरमाँतल्या मठाच्या बागेत दोन नळ्या शेजारी शेजारी लावून दोन्हीचं रीडिंग सारखं येतंय हे बघितलं, मग एक नळी तिथेच ठेवली आणि शास्तँ नावाच्या पाद्रीबाबांना सांगितलं की दिवसभर हिच्यावर लक्ष ठेवा. संध्याकाळी खाली आल्यावर त्यांना विचारलं तर म्हणाले, पारा अजिबात हलला नाही, आणि हे दिवसभर कधी ऊन, कधी पाऊस, कधी धुकं असताना. तो पाद्री नसता तर पारा डोंगरामुळे उतरला की हवा बदलल्यामुळे, हे कोण सांगणार होतं? घड्याळात दाबाच्या आकड्याखाली हेक्टोपास्कल हे त्याचं माप लिहिलेलं असतं ना, तो हाच पास्काल. पाद्रीबाबांचं नाव मात्र कुठल्याच स्क्रीनवर येत नाही.

यानंतर गणित सुधारत गेलं. १६८६ मध्ये हॅलीनं (धूमकेतूवालाच) दाबावरून उंची काढायचं सूत्र मांडलं, पुढे जिनिव्हाच्या द ल्युकनं त्यात हवेच्या तापमानाची दुरुस्ती घातली. १७८७ ला जिनिव्हाचाच शास्त्रज्ञ सोस्यूर आल्प्समधल्या माँ ब्लाँवर बॅरोमीटर (म्हणजे हीच दाब मोजायची नळी) घेऊन गेला तेव्हा खाली शामोनी आणि जिनिव्हात दुसरी माणसं रीडिंग घेत बसली होती. खालची नळी कोणी सोडली नव्हती.

आता आपल्याकडचं. १८२० च्या दशकात विल्यम सायक्स नावाचा कंपनीचा लष्करी अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत पुण्याच्या आसपास फिरत होता आणि बरोबर बॅरोमीटर होता. त्याची निरीक्षणं १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली आणि त्याच्या शीर्षकातच 'दख्खन' आणि 'वातावरणाची भरती-ओहोटी' आहे. इथला दाब रोज सकाळी नऊ-दहाला सगळ्यात वर, दुपारी चार-पाचला सगळ्यात खाली, रात्री दहाला परत वर आणि पहाटे परत खाली, अगदी समुद्राच्या भरतीसारखा. सूर्य वरच्या हवेला तापवतो त्यातून ही बारा तासांची लाट तयार होते, उष्ण कटिबंधात ती चांगली ठसठशीत असते आणि युरोपात मुळात लहान, त्यात रोजच्या बदलत्या हवेत बुडून जाते. पुण्यात हा दिवसाचा चढउतार तीनेक हेक्टोपास्कलचा होतो आणि या उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास नऊ मीटर, करा गुणाकार. माझे आठ मजले तिथे सापडले, दोनशे वर्षांपूर्वीच कोणीतरी लिहून ठेवलेले.

ऋतूंचा फरक तर याहून मोठा. जानेवारीपेक्षा जुलैत मुंबईचा दाब दहाएक हेक्टोपास्कलनं खाली असतो, म्हणजे हिवाळ्यात सेट केलेलं घड्याळ पावसाळ्यात तसंच वापरलं तर ऐंशी मीटरची चूक घरातूनच घेऊन निघालात.

पाऱ्याची नळी घेऊन डोंगर चढणं म्हणजे ताप. तो १८४४ मध्ये लुसियाँ व्हिदीनं संपवला, हवा काढून घेतलेली पत्र्याची चपटी डबी, दाबानं ती फुगते-चेपते आणि काटा हलतो. हीच डबी पुढे विमानात गेली. पॉल कोल्समननं १९२८ मध्ये बारीक उंची दाखवणारं यंत्र काढलं, त्याला एक छोटी खिडकी आणि एक खुंटी, विमानतळावरून रेडिओवर आजचा दाब कळवायचा आणि पायलटनं खुंटी फिरवून तो खिडकीत लावायचा. १९२९ च्या सप्टेंबरात जिमी डूलिटल या अमेरिकन पायलटनं कॉकपिट झाकून, बाहेर न बघता विमान उडवून उतरवलं तेव्हा पॅनलवर हे यंत्र होतं. म्हणजे पाद्रीबाबा आता रेडिओवर बोलायला लागले होते.

सेन्सरवरून दाब आणि उंची दाखवणारं मनगटी घड्याळ कॅसिओनं १९८९ मध्ये काढलं, आणि ट्रेकर लोकांत घर केलं ते सुंटो कंपनीच्या १९९८ च्या व्हेक्टरनं, जाड पिवळं-काळं घड्याळ, अजूनही कोणाकोणाच्या कपाटात असेल. पण इथे एक गंमत झाली, यंत्र छोटं होता होता खालची नळी गळून पडली. एकच सेन्सर आणि प्रश्न दोन, उंची बदलली की हवा? म्हणून मग मोड आले. तंबूत झोपताना बॅरोमीटर मोड, म्हणजे दाबाचा, कारण तुम्ही हलत नाही, आकडा हलला तर हवाच हलली. चालताना अल्टिमीटर मोड, म्हणजे उंचीचा. मोड बदलायला विसरून खडी चढण लागली की घड्याळ वादळाचा अलार्म वाजवतं आणि बरोबरचे लोक आकाशाकडे बघायला लागतात.

२००० च्या मे महिन्यात अमेरिकेनं जीपीएसमधली मुद्दाम घातलेली गडबड काढून टाकली तेव्हा वाटलं आता दाबाची गरजच संपली. तसं झालं नाही. सगळे उपग्रह डोक्यावर, पायाखाली एकही नाही, त्यामुळे जीपीएसची उभी चूक आडव्या चुकीपेक्षा जास्तच राहते. शिवाय जीपीएस उंची मोजतं ती एका गणिती लंबगोलापासून आणि आपल्याकडची खरी समुद्रसपाटी त्याच्या साठेक मीटर खाली आहे, तो फरक घड्याळाला आतल्या तक्त्यातून भरून काढावा लागतो. हल्लीची घड्याळं दोन्ही मिसळतात, लहान चढउतार दाबावरून आणि मूळ आकडा हळूहळू जीपीएसकडून.

एवढं करूनही कळसूबाईला वाद होतोच. पायथ्याला नीट सेट केलं तरी माथ्यावर १६४६ च्या जागी पन्नासेक मीटर कमी येतात. घड्याळ खराब नसतं, हिशोबात समुद्रसपाटीला १५ अंश आणि वर जाताना दर किलोमीटरला साडेसहा अंश कमी असं ठरलेलं प्रमाण वातावरण धरलंय आणि आपल्याकडची हवा त्याहून पंधरा-वीस अंश गरम असते. गरम हवा फुगलेली, तेवढाच दाब उतरायला जास्त चढावं लागतं, म्हणून नऊशे मीटर चढलात तरी घड्याळात साडेआठशेच दिसणार. द ल्युकनं हीच दुरुस्ती अठराव्या शतकात सांगितली होती. घड्याळ ती आपोआप करू शकत नाही कारण त्याच्या थर्मामीटरला तुमच्या मनगटाची ऊब लागते.

आणखी एक गोंधळ नेहमी दिसतो. मोबाईलवर पुण्याचा दाब १०१० आणि घड्याळात ९४८, मग घाबरून लोक घड्याळात १०१० कोंबायला जातात. मोबाईलवरचा आकडा 'हीच हवा समुद्रसपाटीला असती तर किती' असा हिशोब करून सांगितलेला असतो, सिमला ऑफिसवाले (पुण्यातलं हवामान खातं) पण रोजच्या नकाशासाठी तसाच काढतात, घड्याळाचा आकडा मात्र आहे तिथला. समुद्रसपाटीचा दाब विचारणारा रकाना वेगळा असतो, १०१० तिथेच टाकायचं. आणि घड्याळाच्या बाजूला सेन्सरला हवा लागण्यासाठी असलेल्या बारक्या भोकांत चिखल, सनस्क्रीन गेलं असेल तर साध्या पाण्यात बुडवून हलवायचं, टाचणी घालायची नाही.

माझ्यापुरता पाद्री मला रेल्वेनं दिलाय. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर नावाबरोबर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तर लोणावळ्याला नाहीतर इगतपुरीला उतरलो की पाटीपाशी जाऊन तो आकडा घड्याळात टाकतो, तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडतं, ओ काका, बाजूला व्हा ना, फोटो काढायचाय.