एरर फंक्शन परत येतं की नाही, हे कंपायलरला कसं सांगायचं?

परवा सीताबर्डीत तर्री पोहे खाता खाता टीममधल्या पोराने लॅपटॉप समोर धरला, म्हणे भाऊ, हा कंपायलर काऊन बोंबलून राहिला? पाहिलं तर सी भाषेतला एक स्विच (व्हॅल्यू पाहून केस निवडणारा), कोणतीच केस जुळली नाही तर चालणाऱ्या डीफॉल्टमधे आमचं घरचंच फेटल नावाचं फंक्शन, आणि वॉर्निंग अशी की पोर्ट व्हेरिएबल व्हॅल्यू न मिळताच वापरलं जाईल. आता फेटल(१, ...) प्रोग्रामच बंद करतं हे आपल्याला माहीत, कंपायलरला मात्र हेडरमधली (फंक्शनची नुसती ओळख देणारी फाइल) एक ओळच दिसते. पोराने पोर्टला शून्य देऊन त्याचं तोंड बंद केलं होतं, म्हणजे उद्या खरंच एखादी केस सुटली तरी तो चूप.

दुखणं जुनंच आहे. बेल लॅब्समधल्या स्टीफन जॉन्सनच्या लिंटला (सी कोडमधल्या चुका शोधणारं टूल) हे समजवायला 'नॉटरीच्ड' अशी कॉमेंट टाकावी लागायची, तीही जिथे जिथे कॉल तिथे तिथे. जीसीसीत (ग्नू प्रकल्पाचा कंपायलर) व्हर्जन २.५ च्या आधी फंक्शनलाच व्होलाटाइल लावायचे, जुगाडच तो. १९९३ मधे २.५ आलं आणि नोरिटर्न अ‍ॅट्रिब्यूट (हे फंक्शन परत येत नाही, अशी खूण) मिळालं, हेडरमधे एकदा लिहिलं की झालं. सी भाषेच्या स्टँडर्डमधे हे यायला २०११ उजाडलं.

बर्कलीच्या युनिक्सवाल्यांनी, म्हणजे बीएसडीवाल्यांनी, ४.४ मधे शहाणपणा केला, एर म्हणजे बाहेरच पडणार आणि वॉर्न म्हणजे परत येणार, नावंच वेगळी. ग्नूच्या एरर फंक्शनमधे मात्र पहिलं आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेली व्हॅल्यू) स्टेटस, ते शून्य असेल तर मेसेज छापून परत येतं, नाहीतर एक्झिट. त्याला सरसकट नोरिटर्न लावलं तर संपलं, कारण कंपायलर कॉलच्या पुढचा कोड उडवून टाकतो आणि एररला शून्य दिलेला कॉल परत आला की मग प्रोग्राम कुठे जाऊन पडेल देव जाणे. म्हणून ग्लिबसीने (ग्नूची सी लायब्ररी) हेडरमधे इनलाइन फंक्शन (कॉलच्या जागीच उतरणारं) ठेवलं: स्टेटस कंपाइल करतानाच माहीत असेल आणि शून्य नसेल तर नोरिटर्नवालं नाव, नाहीतर साधं. कितीही आर्ग्युमेंट्स असोत, ती जशीच्या तशी पुढे ढकलायची सोय जीसीसी ४.३ मधे, २००८ ला आली. क्वचितच चालणाऱ्या फंक्शनसाठीचं कोल्ड अ‍ॅट्रिब्यूटही त्याच व्हर्जनचं.

आमचं फेटलपण ग्नूच्याच चालीवर निघालं, शून्य दिलं की परत येणारं (नाव फेटल, बरं का!). ग्रेप मारला (सगळ्या कोडमधे शोधलं) तर असे सात कॉल, ते वेगळ्या वॉर्नवर नेले, फेटलला नोरिटर्न लावलं आणि पोर्टचं शून्य पोरालाच काढायला लावलं.