खान्देशातली जुनी दुफळी: धर्म आधी की शेतमालाचा भाव?

तिकीट कापले गेले, कुणी पक्ष सोडला, व्यासपीठावर हमरीतुमरी झाली की खान्देशात बातमी लिहिली जाते ती दोन गटांची. गट बदलत राहतात. त्यांच्या मुळाशी असलेला भाजपमधला वाद मात्र त्याच्या पूर्वावताराच्या, जनसंघाच्या, दिवसांपासून तोच आहे: पक्षाने मते धर्माच्या प्रश्नावर मागायची की शेतमालाच्या?

1957 साली जनसंघाचे देशभरात 4 खासदार निवडून आले, त्यातला एक धुळ्याचा. तो जिंकला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, समितीत कम्युनिस्ट आणि समाजवाद्यांच्या मांडीला मांडी लावून. पुढे 1978 च्या पुलोद (शरद पवारांच्या आघाडीच्या) सरकारात त्याच माजी खासदाराकडे महसूल खाते आले आणि 1980 मध्ये जनसंघातून घडलेल्या नव्या भाजपचे पहिले प्रदेशाध्यक्षपदही. म्हणजे ‘सेठजी-भटजींचा पक्ष’ ही हेटाळणी राज्यभर चालू असताना इथला चेहरा ग्रामीण होता. पुढचे सगळे समजायला हे ध्यानात ठेवावे लागते.

दुहेरी सदस्यत्वावरून (पक्षात राहून संघातही असणे) जनता पक्ष फुटला, ते सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर डिसेंबर 1980 च्या मुंबई अधिवेशनात जे घडले, त्याची चर्चा फारशी होत नाही. नव्या पक्षाने आपल्या पंचनिष्ठांमध्ये ‘गांधीवादी समाजवाद’ घातला. जनता प्रयोगात जोडलेला मध्यममार्गी मतदार टिकवायचा, हा त्यामागचा हिशेब. एका ज्येष्ठ महिला नेत्याने लेखी आक्षेप नोंदवला की अशाने आपण काँग्रेसची नक्कल ठरू. समजूत घातल्यावर आक्षेप मागे घेतला गेला, पण जुन्या कार्यकर्त्यांच्या मनातली अढी गेली नाही. एकात्म मानववाद ही दीनदयाळ उपाध्यायांची 1965 पासूनची मांडणी हाताशी असताना समाजवाद उसना कशाला आणायचा, हा त्यांचा सवाल होता.

त्याच महिन्यात जळगावहून नागपूरकडे शेतमालाच्या भावासाठी विरोधकांची शेतकरी दिंडी निघाली होती. मुंबईतला वाद इथे कागदावर राहणे शक्यच नव्हते, कारण खान्देशातल्या कापूसवाल्याला तो रोज बाजारात भेटत होता. 1972 पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू होती. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, पैसे मिळतील तेव्हा घ्यायचे, आणि पलीकडे मध्य प्रदेशात सेंधवा-बऱ्हाणपूरला भाव चढा असला तरी माल सीमेबाहेर न्यायला बंदी. शिरपूरकडून रातोरात गाड्या सीमेपार जायच्या, त्या यामुळेच. जिनिंगवाला आणि व्यापारी हा पक्षाचा जुना आधार. त्याला ही योजना मोडीत निघायला हवी होती. शेतकऱ्याची गोष्ट वेगळी. भाव चढला की त्याला बाजार मोकळा हवा असे आणि पडला की सरकारी काटा. अशा ठिकाणी ‘गांधीवादी समाजवाद’ म्हणजे नेमके काय, हे सांगण्याची सर्वाधिक गरज होती आणि ते कुणी सांगितले नाही. माझ्या मते पक्षाने इथली मोठी संधी तेव्हाच गमावली. 1984 ला देशात 2 जागा उरल्या. 1985 मध्ये एकात्म मानववाद पुन्हा मूळ तत्त्वज्ञान म्हणून वर आला आणि 1989 च्या पालमपूर ठरावाने राममंदिराचा प्रश्न अग्रभागी आणला.

नव्वदच्या दशकात ओबीसी जोडण्याचे ‘माधव’ (माळी, धनगर, वंजारी) सूत्र राज्यभर गाजले. खान्देशात त्याला लेवा पाटील समाजाची जोड मिळाली आणि यावल-रावेरच्या केळी पट्ट्यात पक्ष पाय रोवून उभा राहिला. शेती आणि सहकार जाणणारे नेतृत्व याच काळात वर आले.

2014 नंतर मात्र चित्र पालटले. शिवसेनेशी युती तोडल्याची घोषणा करणारा नेता याच पट्ट्यातला. तो महसूलमंत्री झाला, जून 2016 मध्ये आरोपांनंतर पायउतार झाला, 2019 ला उमेदवारीला मुकला आणि 2020 मध्ये बाहेर पडला. नंदुरबारला दुसऱ्या पक्षातल्या घराण्यातून आलेली उमेदवार 2014 आणि 2019 मध्ये निवडून आली. वर्षानुवर्षे सतरंज्या उचललेल्या निष्ठावंतांचे काय, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक बैठकीत आहे. जळगावात 2019 ला विद्यार्थी संघटनेतून घडलेल्या कार्यकर्तीला जाहीर झालेली उमेदवारी ऐनवेळी बदलली. 2024 ला तीच उमेदवार होऊन जिंकली, आणि तिकीट कापलेला खासदार दुसऱ्या पक्षात गेला.

खरी फट दिसली ती 2024 च्या लोकसभा निकालानंतर. जळगाव आणि रावेर राहिले. धुळे आणि नंदुरबार गेले. धुळ्यात पराभव अवघ्या 3,831 मतांचा. पाच विधानसभा क्षेत्रांतली आघाडी मालेगाव मध्यच्या एकाच क्षेत्राने पुसली. तिथे विरोधी उमेदवार 1 लाख 90 हजारांच्या वर पुढे होता. एका बाजूने लगेच ‘व्होट जिहाद’, म्हणजे मुस्लिमांचे एकगठ्ठा मतदान, हे निदान केले. दुसऱ्या बाजूने बोट ठेवले ते कांद्यावर: 8 डिसेंबर 2023 पासूनची निर्यातबंदी 4 मे 2024 ला उठली, मतदान 20 मेला, आणि बागलाणचा कांदा पट्टा याच मतदारसंघात. पाच ठिकाणची आघाडी आणखी मोठी का नव्हती, हा या दुसऱ्या बाजूचा प्रश्न मला अधिक सरळ वाटतो. त्याला पक्षातून उत्तर आले नाही. नोव्हेंबरच्या विधानसभेत धुळे जिल्ह्यातल्या 5 पैकी 4 जागा पक्षाने जिंकल्या, धुळे शहरही परत आले, आणि पहिल्या निदानाचे वजन वाढले.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत हटवले. खान्देशातला नवा कापूस बाजारात येतो तो नेमका याच महिन्यांत.