अन्नपूरकांची विक्री व लेबलविषयक नियम (ग्रामीण विदर्भ)

रोजच्या जेवणात कमी पडणारी प्रथिने, जीवनसत्त्वे, खनिजे, अमिनो आम्ले किंवा वनस्पतींचे अर्क गोळी, कॅप्सूल, पावडर, सिरप अशा रूपात मोजक्या मात्रेत पुरवणाऱ्या पदार्थाला अन्नपूरक किंवा हेल्थ सप्लिमेंट म्हणतात. दिसायला ते औषधासारखे असले तरी भारतीय कायदा त्याला अन्नच मानतो. त्यामुळे ते विकायला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, दुकानात फार्मासिस्ट असावा लागत नाही आणि औषधांच्या किमतींवर सरकारचा असतो तसा अंकुश त्याच्या किमतीवर नसतो. डब्यावरची एमआरपी कंपनीच ठरवते. एवढ्या मोकळीकीच्या बदल्यात कायदा एक अट घालतो : या पदार्थाने रोग बरा होतो, असे म्हणायचे नाही. ग्रामीण विदर्भात ही अट छापील लेबलावर बहुधा पाळलेली दिसते आणि बोलण्यात सर्रास मोडली जाते.

गावात याला 'प्रोटीनचा डबा', 'ताकदीची पावडर', 'कंपनीच्या गोळ्या' म्हणतात. तो येतो चार वाटांनी : तालुक्याच्या मेडिकलमधून, आठवडी बाजारातल्या पालांवरून, 'कंपनीत जुडलेल्या' ओळखीच्या माणसाकडून आणि अलीकडे मोबाइलवरची जाहिरात पाहून मागवलेल्या पार्सलमधून.

कायद्याची चौकट

मूळ कायदा अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ हा आहे. त्याच्या कलम २२ मध्ये अन्नपूरके, न्यूट्रास्युटिकल (आरोग्याला उपयोगी म्हणून अन्नातून किंवा वनस्पतींतून वेगळे काढलेले घटक) आणि विशेष आहारासाठीचे पदार्थ यांची व्याख्या दिली आहे. या व्याख्येतून अ‍ॅलोपॅथीची तसेच आयुर्वेदिक, सिद्ध व युनानी औषधे वगळली आहेत. मादक व मनोविकारी द्रव्येही त्यात बसत नाहीत. तपशिलाचे नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) २०१६ मध्ये काढले आणि १ जानेवारी २०१८ पासून ते लागू झाले. पुढे त्यांत फेरबदल झाले. कोणती जीवनसत्त्वे, खनिजे, वनस्पती व उपयोगी जिवाणू वापरता येतील, याच्या याद्या या नियमांना जोडलेल्या आहेत. संप्रेरके व स्टेरॉइड मिसळायला पूर्ण मनाई आहे. व्यायामशाळेत तयारी करणाऱ्या, पोलीस भरतीच्या मागे लागलेल्या पोरांनी हा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. पोषकद्रव्यांच्या मात्रेची मर्यादा भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने (आयसीएमआर) ठरवलेल्या दैनंदिन गरजेशी जोडलेली आहे.

जाहिराती व दाव्यांसाठी २०१८ ची आणि लेबलसाठी २०२० ची वेगळी नियमावली आहे. वजन, किंमत, उत्पादकाचा पत्ता यांबाबत वैध मापनशास्त्राचे, म्हणजे वजन-मापांच्या कायद्याचे, २०११ चे नियमही लागू होतात. म्हणजे एकाच डब्यावर तीन-चार कायद्यांची नजर असते. राज्यात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. विदर्भातल्या अकरा जिल्ह्यांचा कारभार त्याच्या नागपूर व अमरावती या दोन विभागांतून चालतो.

अन्नपूरक तयार करणाऱ्याला केंद्रीय परवाना लागतो, मग कारखाना लहान का असेना. विकणाऱ्याच्या बाबतीत उलाढाल पाहतात. २०११ च्या मूळ परवाना नियमावलीत वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत धंदा करणाऱ्याला परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरेशी धरली होती. फेरीवाला, बाजारात पाल टाकणारा, घरोघर डबे पोचवणारा हे सगळे नोंदणीच्या कक्षेत येतात. मेडिकलवाल्याकडे औषधविक्रीचा परवाना असला तरी अन्नपूरकांसाठी त्याला अन्नाचा परवाना किंवा नोंदणी वेगळी घ्यावीच लागते.

डब्यावर काय हवे

पदार्थाच्या नावाजवळ 'हेल्थ सप्लिमेंट' हे शब्द असले पाहिजेत. 'नॉट फॉर मेडिसिनल यूज', म्हणजे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही, हे वाक्य ठळक छापावे लागते. प्रत्येक पोषकद्रव्य किती आहे आणि ते रोजच्या गरजेच्या किती टक्के भरते, रोज किती घ्यायचे, त्याहून जास्त घेऊ नये, हा डबा चौरस आहाराला पर्याय नाही, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा, कोणत्या औषधासोबत किंवा कोणत्या स्थितीत घेऊ नये, हेही सांगावे लागते. रुग्णांच्या विशेष आहारासाठीचा पदार्थ असेल तर तो वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावा, अशी सूचना हवी. याशिवाय घटकांची यादी, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, शाकाहाराचे हिरवे वर्तुळ किंवा मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण या गोष्टी इतर पॅकबंद अन्नासारख्याच लागतात.

एफएसएसएआयच्या चिन्हाखालचा १४ आकडी क्रमांक नीट पाहिला तर बरेच काही कळते. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर नुसती नोंदणी. पुढचे दोन आकडे कुणी दिला ते सांगतात : केंद्रीय परवान्याला ००, महाराष्ट्राच्या परवान्याला १५. त्यानंतरचे दोन आकडे परवाना दिल्याचे वर्ष दाखवतात. अन्नपूरक बनवणाऱ्याला केंद्रीय परवानाच लागतो. तेव्हा कॅप्सूलच्या डब्यावर उत्पादक म्हणून २ ने सुरू होणारा क्रमांक दिसला की काहीतरी गडबड आहे, हे ओळखायला कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की संपला, हेही दिसते.

लेबलच्या नियमांतली सगळ्यात मोठी उणीव भाषेची आहे. आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावा, एवढेच बंधन आहे. इतर भाषा जोडीला चालतात, पण सक्ती नाही. कंपन्या अर्थातच इंग्रजी निवडतात. 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' ही कायद्याची सगळ्यात महत्त्वाची सूचना अशा रीतीने पुसदजवळच्या किंवा धानोऱ्याच्या एखाद्या गावात न वाचताच कपाटात जाते. त्याच डब्यासोबत वाटलेले रंगीत पत्रक मात्र चांगल्या मराठीत असते आणि त्यात सांधेदुखीपासून शुगरपर्यंत सगळे आलेले असते. पत्रक, पावती, वेष्टन हे सारे कायद्यात जाहिरातीत मोडते. तरी विकणारे ते डब्यापासून वेगळे ठेवतात. तपासणीला डबा पुढे करता येतो आणि पत्रक पिशवीत राहते.

तोंडी दावे व घरोघरची विक्री

डबे विकणाऱ्यांची मीटिंग बहुतेक कुणाच्या तरी ओसरीवर किंवा तालुक्याच्या एखाद्या हॉलमध्ये होते. सोयाबीन निघून हातात पैसा आलेला असतो. समोर बसलेल्यांत कुणाला गुडघ्याचा त्रास, कुणाची सून अशक्त. बोलणारा माणूस परका नसतो. मेहुणा, मास्तर, शेजारची वहिनी. "काकाजी, दोन महिने डबा लावून पाहा, शुगरची गोळी सुटली नाही तर मले सांगा," असे तो म्हणतो. "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही," हेही ठरलेले.

अशा विक्रीत तीन कायदे मोडू शकतात. अन्नपूरक रोग बरा करते असे सांगणे अन्न कायद्यात फसवा दावा ठरते. कलम ५३ प्रमाणे अशा जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. रोग बरा करण्यासाठी म्हणून विकलेला पदार्थ औषधाच्या व्याख्येत शिरतो आणि मग औषध व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ लागू होतो. मधुमेह, लठ्ठपणा, कर्करोग, अर्धांगवायू अशा रोगांवरच्या उपायांची जाहिरात हा कायदा थेट मना करतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. त्यातली जाहिरातीची व्याख्या गमतीची आणि दूरदर्शी आहे : तोंडाने केलेली घोषणा तर तीत आहेच, प्रकाश, आवाज आणि धूर यांच्या साहाय्याने केलेलीही आहे. बाजारातल्या भोंग्यावर ओरडणारा वैदू आणि ओसरीवरचा एजंट दोघेही तीत सापडतात. 'आयुर्वेदिक' हा शब्दही फुकट वापरता येत नाही. आयुर्वेदिक औषधाला १९४० च्या औषध कायद्याखाली स्वतंत्र उत्पादन परवाना लागतो आणि अन्नाचा क्रमांक असलेला डबा आयुर्वेदिक औषध असू शकत नाही.

तिसरा कायदा ग्राहक संरक्षणाचा. त्याखालचे थेट विक्रीचे नियम डिसेंबर २०२१ मध्ये आले. त्यांनुसार कंपनी व विक्रेता यांच्यात आधी लेखी करार हवा, विक्रेत्याने ओळखपत्र बाळगले पाहिजे आणि आधी विचारल्याशिवाय कुणाच्या घरी जाऊ नये. सुरुवातीलाच आपण कोण, कोणत्या कंपनीचे, काय विकायला आलो, हे सांगितले पाहिजे. माणसे जोडून पैसा कमावण्याच्या पिरॅमिड योजनांना बंदी आहे. डबा विकत घेणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी 'तुमची लाइन उभी करा' म्हणून फोन येत असेल, तर या नियमाकडे बोट दाखवता येते.

अडचण पुराव्याची आहे. बोलणे कागदावर नसते आणि नात्यातल्या माणसाविरुद्ध जबाब द्यायला कुणी पुढे येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ध्वनिफिती आणि स्टेटसवरचे 'आधी-नंतर'चे फोटो मात्र पुरावा होऊ शकतात, कारण अन्न कायद्यातली जाहिरात इंटरनेटपर्यंत पोचलेली आहे.

आपण फक्त पोचवतो, बनवत नाही, ही एजंटाची सबब अन्न कायद्याच्या कलम २७ पुढे पुरती टिकत नाही. मुदत संपलेला माल विकला, मिथ्याछाप (खोटे किंवा अपुरे लेबल असलेला) माल विकला किंवा तो कुणाकडून आला हे सांगता आले नाही, तर विक्रेता स्वतः जबाबदार धरला जातो. म्हणून वितरकाकडून पक्के बिल घेणे त्याच्याच हिताचे. बिल नसेल तर वरचा माणूस सुटतो आणि गावातला अडकतो.

बचत गटांचे पदार्थ

शेवग्याच्या पाल्याची पावडर, मोहाचे लाडू, जवसाची चटणी, आवळा कँडी हे महिला बचत गटांचे पदार्थ साधे अन्न म्हणून नोंदणीवर विकता येतात. तीच शेवग्याची पावडर कॅप्सूलमध्ये भरून 'रोज दोन' असे लिहिले, की ती न्यूट्रास्युटिकल होते आणि केंद्रीय परवान्याचा प्रश्न येतो. पाकिटावरच्या 'रक्त वाढवते' या दोन शब्दांनीही गट अडचणीत येऊ शकतो. 'लोहाचा स्रोत' असे लिहिता येते; पण त्यासाठी १०० ग्रॅम पदार्थात रोजच्या गरजेच्या किमान १५ टक्के लोह असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल जवळ हवा. मोठ्या कंपन्यांचे दावे सुटतात आणि गटाच्या पाकिटावरचा मराठी मजकूर मात्र लगेच वाचला जातो, हा अन्याय खरा असला तरी नियम दोघांनाही सारखाच आहे.

लोह आणि सिकलसेल

पूर्व विदर्भात, विशेषतः आदिवासी व अनुसूचित जातींमध्ये, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. सिकलसेलमधला अशक्तपणा लोह कमी असल्यामुळेच येतो असे नाही. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात उलट लोह साचलेले असू शकते. त्याला 'रक्त वाढवणारी' लोहयुक्त पावडर डॉक्टरला न विचारता देणे धोक्याचे आहे. लेबलवरची 'कोणी घेऊ नये' ही ओळ इथे सगळ्यात कामाची, आणि तीच सगळ्यात बारीक अक्षरात असते.

पोषणयुक्त अन्नाच्या २०१८ च्या नियमांत लोह मिसळलेल्या पदार्थांवर सिकलसेल व थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठी इशारा छापणे बंधनकारक होते. रेशनच्या फोर्टिफाइड (लोहासारखी पोषकद्रव्ये मिसळलेल्या) तांदळाचा प्रायोगिक वापर गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा व भामरागड तालुक्यांत झाल्याने हा मुद्दा इथे विशेष गाजला. पुढे अशा तांदळातून या रुग्णांना अपाय होत नाही, असा निष्कर्ष काढून इशारा वगळण्यात आला. हा निष्कर्ष तांदळातल्या अल्प लोहापुरता आहे. त्याचा हवाला देऊन डबे विकणे चुकीचे.

आशाताई व अंगणवाडीतून मिळणाऱ्या लोहाच्या गुलाबी, निळ्या व लाल गोळ्या या चर्चेत बसत नाहीत. त्या सरकारी कार्यक्रमातल्या औषधी गोळ्या आहेत, वयोगटानुसार मात्रा ठरलेल्या आणि मोफत.

तपासणी व तक्रार

अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करतो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे आणि दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे जातात. व्यावसायिकाने मागणी केल्यास चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यावर ३० दिवसांत अपील करता येते. मिथ्याछाप मालाला ३ लाखांपर्यंत, कमी दर्जाच्या मालाला ५ लाखांपर्यंत दंड आहे. असुरक्षित अन्नाने मृत्यू झाल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. वारसांना किमान ५ लाख रुपये भरपाईची तरतूद कलम ६५ मध्ये आहे.

कलम ४० फारसे कुणाला ठाऊक नाही. त्यानुसार साधा ग्राहकही फी भरून विश्लेषकाकडून माल तपासून घेऊ शकतो. घेताना विक्रेत्याला तसे सांगावे लागते आणि दोष निघाला तर फी परत मिळते. अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५. सिरोंच्यासारख्या, जिल्ह्याच्या ठिकाणापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या तालुक्यातून फोन हाच व्यवहार्य मार्ग उरतो. तक्रार करताना बिल, डब्याचा बॅच क्रमांक दिसेल असा फोटो आणि ते मराठी पत्रक जपून ठेवलेले असावे. अन्न कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय सामान्यतः एक वर्षाच्या आतच घेते. लेखी कारणे देऊन अन्न सुरक्षा आयुक्त ही मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवू शकतात.