परराज्यातलं न भरलेलं तिकीट आणि अमेरिकी ट्रकचालकाचं लायसन्स : पार्श्वभूमी

टेक्ससचा एक ट्रकचालक ओहायोतून जाताना वेगमर्यादा ओलांडतो. पोलीस गाडी बाजूला घ्यायला लावतो, तिकीट, म्हणजे दंडाचं चलान, हातात देतो आणि सोडून देतो. माल वेळेवर पोचवायचा असतो, म्हणून ते तिकीट केबिनमधल्या कागदांत जाऊन पडतं. काही महिन्यांनी टेक्ससमधल्या घरी लायसन्स निलंबित होणार असल्याची नोटीस येते, तेव्हा हा चालक कुठल्या तरी तिसऱ्याच राज्यात गाडी चालवत असतो. घरी पोचेपर्यंत नोटिशीची मुदत उलटून गेलेली असते. अमेरिकेत मालवाहतुकीवर पोट असलेल्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट अगदी सहज घडू शकते. एका कागदात इतकं बळ कुठून आलं, हे कळायला मागे जावं लागतं.

आपल्याकडे लायसन्स कुठल्याही राज्यात काढलं तरी ते १९८८च्या एकाच केंद्रीय कायद्याखाली मिळतं. अमेरिकेत तसं नाही. वाहतुकीचे नियम, लायसन्स, कोर्ट, दंड, सगळं ज्या त्या राज्याचं. पूर्वी त्यामुळे परराज्यातला चालक नियम मोडताना सापडला की पोलिसांपुढे एकच प्रश्न असे : हा एकदा हद्दीबाहेर गेला की परत येणार कशावरून? उत्तर सोपं होतं. जागेवरच जामिनाची रक्कम घ्यायची, नाहीतर थेट गावातल्या न्यायाधीशासमोर उभं करायचं. स्थानिक माणूस सही करून घरी जाई, परका माणूस मात्र खिसा रिकामा करूनच सुटे.

काही गावांनी यात उत्पन्नाचं साधन शोधलं. जॉर्जियातलं लुडोविसी हे फ्लोरिडाला जाणाऱ्या हमरस्त्यावरचं गाव यासाठी इतकं बदनाम झालं, की १९७० साली राज्याचे गव्हर्नर लेस्टर मॅडॉक्स यांनी प्रवाशांना सावध करणारे मोठे फलक तिथे उभे केले. ओहायोतल्या मन्रोव्हिल गावात महापौरच वाहतुकीच्या खटल्यांचा निकाल देत आणि गावाच्या तिजोरीचा मोठा भाग त्या दंडातून भरत असे. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गावाचा हिशेब ज्याच्या डोक्यावर आहे, त्याच माणसाने निवाडा करणं न्याय्य नाही. आज परराज्यातल्या तिकिटाविषयी ट्रकचालकांच्या मनात जो अविश्वास दिसतो, त्याची मुळं या काळात आहेत, आणि तो निराधार होता असं मला वाटत नाही.

त्यातच १९७४ उजाडलं. तेलटंचाईमुळे देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा आली. ज्याला मैलाच्या हिशेबाने पैसे मिळतात, त्याच्यासाठी वेग म्हणजे मजुरी. त्या वर्षांत ट्रकवाल्यांनी केबिनमध्ये सीबी रेडिओ, म्हणजे जवळच्या अंतरावर आपसांत बोलायचे रेडिओ, बसवले आणि पोलीस कुठे उभा आहे, हे एकमेकांना कळवायला सुरुवात केली.

राज्यांनी आपसांत करार करून वाट काढली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या पहिल्या कराराचं सूत्र होतं : एक चालक, एक लायसन्स, एक नोंद. परराज्यातला गुन्हा मूळ राज्याच्या नोंदीत चढू लागला. दुसरा करार १९७७चा, आणि आपल्या विषयाचा गाभा तोच. परराज्यातल्या चालकालाही स्थानिकासारखं तिकीट देऊन सोडायचं, जामीन मागायचा नाही, ही त्याची एक बाजू. दुसरी बाजू अशी, की चालकाने तिकिटाला उत्तरच दिलं नाही, म्हणजे दंडही भरला नाही आणि कोर्टालाही काही कळवलं नाही, तर ते राज्य त्याच्या मूळ राज्याला कळवणार, आणि तिकीट निकाली निघाल्याचा पुरावा येईपर्यंत मूळ राज्य लायसन्स निलंबित ठेवणार. ४४ राज्यं आणि राजधानीचा कोलंबिया जिल्हा या करारात आले. कॅलिफोर्निया, ओरेगन, मिशिगन, विस्कॉन्सिन, मोंटाना आणि अलास्का बाहेर राहिले. पार्किंग, जादा वजन, वाहनातल्या त्रुटी या बाबी करारात धरलेल्या नाहीत. हा करार चालकाच्या सोयीसाठीही होता, हे आज सहसा कुणी आठवत नाही. रस्त्याच्या कडेला पैसे मोजण्याची पाळी त्यानेच टाळली.

ट्रकचालकांचं प्रकरण तरीही वेगळंच राहिलं. अनेक राज्यांत साध्या मोटारीच्या लायसन्सवर अजस्र ट्रेलर चालवता येत असे. शिवाय काही चालक तीन-चार राज्यांची लायसन्स जवळ बाळगत, एकावर तिकिटं साचली की दुसरं पुढे करत. अशा माणसाच्या हातातलं वाहन ३५-३६ टन वजनाचं असतं, हे लक्षात घेतलं की सरकारला काळजी का वाटली ते कळतं. १९८६च्या व्यावसायिक वाहन सुरक्षा कायद्याने एकाहून अधिक लायसन्स बाळगणं गुन्हा ठरवलं. परीक्षेचे किमान निकष ठरले, सगळ्या राज्यांना जोडणारी संगणकीय नोंदप्रणाली उभी राहिली, आणि १ एप्रिल १९९२पासून अवजड वाहन चालवायला व्यावसायिक लायसन्स, म्हणजे सीडीएल, सक्तीचं झालं. आता लपायला जागा उरली नाही.

१९९९च्या कायद्याने हे जाळं आणखी घट्ट केलं. साध्या चालकाला कोर्ट सवलत देतं : वाहतूक शाळेत जा, वर्षभर नीट वाग, नोंद पुसून टाकू. सीडीएलधारकाला ती दारं बंद झाली, अगदी रविवारी घरची मोटार चालवताना मिळालेल्या तिकिटासाठीसुद्धा.

पेच इथेच आहे. संघराज्याच्या नियमांत दंड भरणं हीच दोषसिद्धी. मर्यादेपेक्षा ताशी १५ मैल किंवा अधिक वेग, बेदरकार चालवणं, पुढच्या गाडीला खेटून चालणं, हातात फोन धरणं हे ‘गंभीर’ गुन्हे. ट्रक चालवताना तीन वर्षांच्या आत असे दोन गुन्हे झाले की ६० दिवस व्यावसायिक वाहन चालवता येत नाही, तिसऱ्याला १२० दिवस. म्हणजे निमूट पैसे भरले तर नोंद चढते, आणि न भरता गप्प बसलं तर लायसन्स निलंबित होतं. लढायचं तर दीड हजार मैलांवरच्या कोर्टात तारीख घ्यायची आणि त्या दिवसाची मजुरी सोडायची. पैसे भरून मोकळं व्हावं, असं एखाद्याला वाटलं तर त्याला दोष कसा द्यायचा?

आपलं राज्य करारात नाही म्हणून आपण सुरक्षित, हा समज धोक्याचा आहे. तिकीट देणारं राज्य आपल्या हद्दीपुरता चालवण्याचा हक्क काढून घेऊ शकतं, ती नोंद राष्ट्रीय नोंदवहीत दिसते, आणि मूळ राज्य सीडीएलचं नूतनीकरण करताना ती नोंदवही तपासतं. शिवाय एखाद्या राज्यात व्यावसायिक वाहन चालवण्याचा हक्क गमावलेल्या चालकाच्या हाती असं वाहन द्यायला मालकाला मनाई आहे. निलंबनाची नोटीस मिळाली की दुसऱ्या दिवशीचं कामकाज संपण्याआधी मालकाला सांगणं चालकावर बंधनकारक आहे. नोटीस घरी पडून आणि माणूस रस्त्यावर असेल, तर बहुधा तपासणी नाक्यावरच कळतं. ट्रक तिथेच थांबतो आणि माल दुसरा चालक येऊन घेऊन जातो.

सोडवणुकीचा क्रम ठरलेला आहे : आधी तिकीट देणारं कोर्ट, मग तिथला निकाली दाखला, मग मूळ राज्याचं कार्यालय आणि पुनर्स्थापनेचं शुल्क. क्रम उलटा केला तर काही हलत नाही.

अलीकडे काही राज्यांनी दंड भरण्याची ऐपत नसलेल्यांचं लायसन्स काढून घेणं थांबवलं, कॅलिफोर्नियाने २०१७ साली, व्हर्जिनियाने २०२० साली. हे बदल स्वागतार्ह आहेत. ट्रकचालकाला मात्र त्यांतला एक भेद नीट पाहावा लागतो : पैसे न भरणं वेगळं आणि तिकिटाला उत्तरच न देणं वेगळं. १९७७च्या कराराची साखळी उत्तर न दिल्यामुळे सुरू होते. म्हणून तिकीट हातात पडलं की त्यावर दिलेली उत्तराची तारीख त्याच दिवशी टिपून ठेवायची, आणि दोष मान्य नसेल तर पैसे न पाठवता त्या तारखेच्या आत कोर्टाला तसं लेखी कळवायचं.