टायरवरचे आकडे आले कुठून, आणि माळव्याच्या पावसाळ्यात ते कितपत उपयोगाचे

जून लागला की इंदुरात टायर बदलणाऱ्यांची लगबग सुरू होते, आणि दरवर्षी प्रश्नही तेच असतात. रुंद टायर टाकला तर पावसात पकड वाढेल का? रिम एक इंच मोठी घेतली तर चालेल का? परदेशात म्हणे हिवाळ्याचे टायर वेगळे असतात, मग आपण काय करायचं? दुकानदार बहुतेक वेळा त्याच्याकडे जो माल आहे त्याच्या बाजूने उत्तर देतो. खरं उत्तर टायरच्या अंगावर छापलेल्या आकड्यांत आहे. पण ते आकडे वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या रस्त्यांसाठी आणि हवामानांसाठी घडत गेले. ते कसे घडले हे कळलं, की माळव्यासाठी त्यातलं काय घ्यायचं ते ठरवणं सोपं जातं.

मोटार येण्याआधी इथल्या चाकाचा आकार मातीने ठरवला होता. माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, कारण तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. या मातीतून जाणाऱ्या बैलगाडीचं चाक उंच असे आणि त्यावरची लोखंडी धाव अरुंद. अरुंद धाव वरचा चिखल कापून खालच्या घट्ट थराला टेकते आणि उंच चाक खड्ड्यात कमी अडकतं. आजही पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायची तर हाच हिशोब लागू पडतो, म्हणून तो आधी सांगितला.

हवेच्या टायरचं पहिलं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये घेतलं. घोडागाड्यांवर त्याने तो वापरूनही दाखवला, पण त्या काळी कोणाला त्याची निकड नव्हती आणि कल्पना विसरली गेली. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेची नळी बसवली तेव्हा सायकलींचं युग सुरू झालेलं होतं, त्यामुळे शोध टिकला. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत मिशलाँ बंधूंनी हवेच्या टायरांवर मोटार धाववली. पंक्चरांनी ती बेजार झाली, तरी मोटारही हवेवर चालू शकते हे लोकांनी पाहिलं.

त्यानंतरची तीसेक वर्षं टायर अरुंद, उंच आणि दगडासारखे टणक होते. फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या टायरवर ३० × ३½ असं लिहिलेलं असे. म्हणजे चाकाची बाहेरची उंची ३० इंच, टायरची जाडी साडेतीन इंच. रिम किती इंची हे त्यात लिहिलेलंच नव्हतं, ते वजाबाकी करून काढायचं. आत साठ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास हवा, त्यामुळे प्रत्येक दगड थेट पाठीत बसे. १९२३ मध्ये फायरस्टोनने जाड आणि कमी दाबाचा बलून टायर आणला. हवा जवळपास निम्म्यावर आली आणि प्रवास सुसह्य झाला. आकडे लिहिण्याची पद्धतही याच सुमारास उलटली. मॉडेल टीवर नंतर आलेला ४.४०-२१ म्हणजे ४.४ इंच जाडी आणि २१ इंची रिम. बाहेरची उंची गेली, रिमचा आकडा आला. आजच्या टायरवरचा शेवटचा आकडा इंचात असतो तो या परंपरेतून.

आपल्याकडे हीच पद्धत रुजली. त्या काळी इंदुरात मोटार म्हणजे मुख्यतः राजघराण्याची. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची ड्युझेनबर्ग जगभरच्या मोटारप्रेमींना ठाऊक आहे. गाडी अमेरिकेची आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली. टायर देशात बनू लागले ते १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंजला डनलॉपचा कारखाना निघाल्यावर. पुढे सामान्य घरांत मोटार आली तेव्हा अॅम्बेसेडरला ५.९०-१५, पद्मिनीला ५.२०-१४ आणि जीपला ६.००-१६ हे आकडे मेकॅनिकांना तोंडपाठ झाले. या टायरांची भिंत, म्हणजे रिमपासून रस्त्याला टेकणाऱ्या भागापर्यंतची बाजू, रुंदीइतकीच उंच असे, म्हणून भिंतीचं प्रमाण वेगळं छापायची गरजच नव्हती. आग्रा–मुंबई रस्त्यावर मानपूरचा घाट उतरणाऱ्या अॅम्बेसेडरी याच टायरांवर धावत होत्या. खड्डे ते निमूटपणे गिळत. पण वळणावर गाडी झुलायची आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की पोटात गोळा यायचा.

बदल घडवला रेडियलने. जुन्या टायरमध्ये दोऱ्यांचे थर तिरपे, एकावर एक आडवेतिडवे घातलेले असत. मिशलाँने १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या आणि १९४९ मध्ये बाजारात आणलेल्या टायरमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ गेले आणि वरच्या पट्ट्याखाली पोलादी तारांचा पट्टा आला. भिंत मऊ झाली आणि रस्त्याला टेकणारा भाग सपाट राहिला. टायर कमी तापू लागला, जास्त टिकू लागला. भारतात रेडियल १९७७ मध्ये जेके टायरने आणला, तरी आपल्या रस्त्यांवर त्याला रुळायला पुढची दोन दशकं लागली. ट्रकवाले तर कितीतरी वर्षं नायलॉनच्या तिरप्या दोऱ्यांच्या जुन्या टायरांनाच धरून होते, आणि जादा माल भरून खराब रस्त्यांवरून जाणाऱ्यांचं ते धरून राहणं मला समजू शकतं.

पोलादी पट्ट्यामुळे आणखी एक गोष्ट शक्य झाली: भिंत बुटकी करता आली. पट्टा टायरला आडवं फैलावू देत नाही, म्हणून रुंदी वाढवून उंची कमी केली तरी टायरचा आकार टिकतो. १९७० च्या दशकात पिरेलीचा पी-७ वेगवान पोर्शे गाड्यांवर आला आणि बुटक्या भिंतीचा टायर शर्यतीतून रस्त्यावर उतरला. आता प्रमाण छापणं भाग पडलं. १८५/६५ आर १५ मधला १८५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे इंचात रिम. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी खिचडी झाली, कारण रुंदी युरोपातून आली आणि रिम इंग्लंड-अमेरिकेतून. मिशलाँने रिमही मिलिमीटरमध्ये आणायचा प्रयत्न केला. सित्रोएनच्या जुन्या गाड्यांना ४०० मिलिमीटरची रिम होती आणि १९७५ मध्ये टीआरएक्स नावाने त्यांनी पुन्हा तेच करून पाहिलं. पण त्या रिमवर दुसऱ्या कोणाचा टायर बसेना, आणि गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली.

हे आकडे आपल्या गाडीवर मांडून पाहू. मारुती स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ येतो, वरच्याला १८५/६५ आर १५. पहिल्याची भिंत १३२ मिलिमीटर, दुसऱ्याची १२०. रिमसकट बाहेरचा व्यास काढला तर दोन्ही ६२० मिलिमीटरच्या आसपास येतात, फरक दोन मिलिमीटरचा. म्हणून स्पीडोमीटरला काही कळत नाही आणि चाक कमानीत घासत नाही. आता कोणी हौसेने १९५/५५ आर १६ बसवला तर व्यास जवळपास तेवढाच राहतो, पण भिंत १०७ मिलिमीटरवर येते. रिम आणि खड्डा यांच्यामधली पंचवीस मिलिमीटर रबराची आणि हवेची गादी गेली. पहिल्या जोरदार पावसानंतर डांबर उखडून धारदार काठाचा खड्डा पडतो आणि पाण्याखाली तो दिसत नाही. त्यात असं चाक आपटलं की रिमची कड वाकते, नाहीतर आतले दोरे तुटून भिंतीला लिंबाएवढा फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. आपल्याकडे रस्ते इतके का उखडतात याचंही एक कारण तीच काळी माती आहे: डांबराखाली ती फुगते, आकसते आणि वरचा थर तडकवते.

ऋतूप्रमाणे टायर बदलण्याची पद्धत बर्फाच्या देशातली. १९३४ मध्ये फिनलंडमध्ये, आज नोकियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने ट्रकसाठी पहिला हिवाळी टायर बनवला आणि दोन वर्षांनी मोटारींसाठी हाक्कापेलीट्टा आणला. त्याचं रबर मऊ असतं आणि नक्षीत बारीक चिरा असतात. साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली साधं रबर टणक व्हायला लागतं, तिथे हे मऊ राहतं. इंदुरात थंडीच्या दिवसांत पहाटे पारा तिथवर उतरतो, पण ऊन चढलं की तो वर येतो. आणि मे महिन्यात चाळिशीपार तापलेल्या डांबरावर हे मऊ रबर भराभर झिजेल. तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाचा कण असं हिवाळी चिन्ह असलेला टायर कोणी इथे स्वस्तात देऊ केला तर घेऊ नका.

माळव्यात ऋतूप्रमाणे बदलायची ती हवा. डिसेंबरच्या पहाटे १० अंशाला ३२ पीएसआय भरलेला टायर मेच्या दुपारी ४२ अंशाला उभ्या उभ्याच ३७ वर जातो. उलट उन्हाळ्यात भर दुपारी, तापलेल्या टायरात बेतून भरलेली हवा पहिल्या पावसाने गारवा आला की कमी पडते. म्हणून दर महिन्याला सकाळी, गाडी चालवण्याआधी हवा बघावी.

पावसाळ्यात कमी हवा घातक का, याचाही इतिहास आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत नासाच्या अभियंत्यांनी विमानांच्या टायरवर प्रयोग केले आणि टायर पाण्यावर तरंगायला कोणत्या वेगाला लागतो याचं सोपं सूत्र काढलं. हवेच्या दाबाचं वर्गमूळ घ्या आणि त्याला साधारण १६.६ ने गुणा, ताशी किलोमीटरमध्ये उत्तर येतं. ३२ पीएसआयला ते ९४ येतं, २५ ला ८३. सूत्र साचलेल्या पाण्यातल्या गोटा टायरसाठी आहे. चांगल्या खाचा असतील तर थोडी जास्त मुभा मिळते, कारण पाणी खाचांतून बाहेर पडतं. रुंद टायरला जास्त पाणी सारावं लागतं, म्हणून साचलेल्या पाण्यात तो अरुंदाआधी तरंगतो. रुंद टायरने पावसात पकड वाढते हा समज त्यामुळे मला फार धोक्याचा वाटतो. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर तो काही अंशी खरा आहे. बायपासवर ताशी शंभरने जाणाऱ्याला पाण्याच्या थरावर तो उपयोगी पडणार नाही. खाचांची खोली कायद्याने १.६ मिलिमीटर तरी हवी. खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. मी तर पावसाळ्यात त्याच्या बऱ्याच आधी बदलतो.

कच्च्या रस्त्याचा प्रश्न वेगळा. सांवेरकडे जुलैत शेतरस्त्यावर गाडी घातली, तर चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत नक्षी काळ्या मातीने बुजते. मग टायरला खाचा उरत नाहीत, नुसता गुळगुळीत काळा गोळा फिरत राहतो, आणि कमानीत माती ठासून चाक जड होतं. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला दांडगे, विरळ पट्टे असतात ते अशी माती झटकून टाकण्यासाठी. मोटारीला असे टायर लावले तर डांबरावर आवाज करतात आणि ब्रेकला लागणारं अंतर वाढवतात. वाफसा येईपर्यंत थांबणं मात्र फुकट असतं. नर्मदेच्या वाळूत उलट हिशोब: तिथे हवा कमी करून टायर पसरू द्यायचा आणि डांबरावर परतताच पुन्हा भरायचा. चिखलात, खडकाळ वाटेवर जायचं ठरवून बनवलेल्या जिम्नीला कंपनीने १९५/८० आर १५ दिला आहे, म्हणजे अरुंद टायर आणि १५६ मिलिमीटरची भिंत. बैलगाडीच्या धावेशी तिचं नातं जवळचं आहे.

गंमत म्हणजे आज आपण टायरच्या शेजारीच राहतो. पिथमपूरजवळ खेडा नावाच्या गावी ब्रिजस्टोनचा कारखाना आहे, ग्वाल्हेरकडे बानमोरला जेकेचा, बडोद्याजवळ लिमड्याला अपोलोचा. २०२१ मध्ये पिथमपूरलाच नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगचाचणीचा ट्रॅक सुरू झाला. माळव्याच्या उन्हात आणि पावसात गाड्या तपासायची जागा घराजवळच आहे.

दुकानात जाताना चालकाच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर आधी वाचा. तिथे कंपनीने मान्य केलेले आकार आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. दोन आकार मान्य असतील तर इंदुरातल्या रस्त्यांसाठी लहान रिम आणि उंच भिंतीचा घ्या, ब्रेकवर लहान रिम बसते याची खात्री करून. आकारापुढे छापलेला वजनाचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको: ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. मग भिंतीवरचे तारखेचे चार अंक पाहा. २२२४ असेल तर टायर २०२४ च्या बाविसाव्या आठवड्यात बनला आहे. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे लावायला सांगा, कारण पाण्यात मागची चाकं आधी सुटली तर गाडी गर्रकन फिरते. मिस्त्री बहुधा पुढे लावायला जाईल, त्याला थांबवा.