हलका अँटिव्हायरस

हलका अँटिव्हायरस : व्हायरस, ट्रोजन, रॅन्समवेअर अशा घातक प्रोग्रामपासून घरगुती संगणकाचे रक्षण करणारे, पण रोजच्या कामाचा वेग जाणवण्याइतका कमी न करणारे सॉफ्टवेअर. ‘हलका’ या शब्दाला ठरलेले तांत्रिक माप नाही. कंपन्या तो जाहिरातीत सर्रास वापरतात. वापरणाऱ्यांच्या तोंडी मात्र तो ‘मशीन जड झाले’, ‘पीसी हँग होतो’ या तक्रारींच्या उलट अर्थाने येतो. हा प्रश्न नुसत्या सोयीचा नाही. अँटिव्हायरसमुळे संगणक रखडू लागला की घरातले कुणीतरी ‘तेवढ्यापुरते’ म्हणून संरक्षण बंद करते आणि ते पुन्हा सुरू करायचे राहून जाते. त्यामुळे वेग हा संरक्षणाचाच भाग धरायला हवा.

वेग कुठे जातो

अँटिव्हायरसची दोन कामे वेगळी ओळखली की बराच गोंधळ मिटतो. पहिले काम म्हणजे सांगितल्यावर किंवा ठरल्या वेळी सगळी डिस्क तपासणे, म्हणजे स्कॅन. दुसरे रिअल-टाइम संरक्षण, जे सतत चालू असते. लोक पहिल्याला दोष देतात, कारण ते डोळ्यांना दिसते. दिवसभर किंचित किंचित वेळ खाणारे असते ते दुसरे.

रिअल-टाइम संरक्षणाचे मर्म फाइल उघडण्याच्या क्षणात आहे. कोणताही प्रोग्राम फाइल उघडतो, नवी तयार करतो किंवा चालवतो, तेव्हा ती मागणी ऑपरेटिंग सिस्टिमच्या (विंडोजसारख्या, संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या) आतल्या थरात बसवलेल्या एका फिल्टर ड्रायव्हरमधून जाते. तो मागणी थांबवतो, फाइल तपासणाऱ्या इंजिनकडे देतो, आणि निकाल आला की वाट मोकळी करतो. एका फाइलमागचा हा थांबा इतका लहान असतो की कळतही नाही. प्रश्न येतो तो संख्येचा.

एक साधे उदाहरण घ्या. दोन जीबीचा एकच व्हिडिओ एका फोल्डरमधून दुसऱ्यात कॉपी केला तर अँटिव्हायरस असला काय, नसला काय, फरक क्वचितच जाणवतो. पण तितक्याच आकाराची झिप फाइल उघडली आणि तिच्यातून वीस हजार लहान फाइली बाहेर पडल्या, तर प्रत्येक फाइल तयार होताना थांबा आहे. वीस हजार थांब्यांची बेरीज मिनिटांत जाऊ शकते. प्रोग्राम इन्स्टॉल करणे, मोठा गेम अपडेट करणे, फोटोंच्या संग्रहाची छोटी चित्रे तयार होणे, प्रोग्रामरचे कोड संकलित होणे ही सगळी याच जातीची कामे. ‘अँटिव्हायरस जड आहे’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा अशा असंख्य लहान फाइली असतात.

डिस्कचा प्रकार इथे निर्णायक ठरतो. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये वाचणाऱ्या टोकाला दर वेळी हलावे लागते, आणि विखुरलेल्या ठिकाणांहून ती सेकंदाला साधारण शंभराच्या आसपासच वाचने करू शकते. एसएसडीत हलणारा भागच नसल्याने हा आकडा कित्येक हजारांत जातो. म्हणूनच तोच अँटिव्हायरस, त्याच सेटिंगसह, एका घरात ‘अजिबात जाणवत नाही’ आणि दुसऱ्या घरात ‘मशीन मारून टाकले’ अशी ख्याती मिळवतो. दोघेही खरेच सांगत असतात.

रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या, आकड्यावरून निवड करण्याची सवय मात्र फारशी कामाची नाही. कोणता प्रोग्राम किती साधने घेतो ते दाखवणाऱ्या विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये एक अँटिव्हायरस दीडशे एमबी घेताना दिसतो, दुसरा तीनशे. त्यावरून पहिला हलका ठरत नाही. ज्ञात व्हायरसच्या ओळखीच्या खुणा रॅममध्ये तयार ठेवणारे इंजिन उलट पटकन निकाल देऊ शकते. रॅम खरोखरच अपुरी असेल, चार जीबी किंवा त्याहून कमी, तरच हा आकडा महत्त्वाचा होतो, कारण मग प्रणाली डिस्कचा रॅमसारखा वापर करू लागते आणि सगळेच मंदावते.

एक गोष्ट अनुभवाने कळते, पण आधी कुणी सांगत नाही : नवा अँटिव्हायरस पहिले काही दिवस नेहमीपेक्षा जड वाटतो. एकदा तपासलेली आणि तेव्हापासून न बदललेली फाइल पुन्हा पूर्ण तपासायची नाही, अशी नोंद बरीच इंजिने ठेवतात. ही नोंदवही सुरुवातीला कोरी असते. पहिल्या संध्याकाळी वैतागून अनइन्स्टॉल करणारा माणूस त्या सॉफ्टवेअरचा सगळ्यात वाईट चेहरा बघून निघून जातो.

थोडा इतिहास

१९७१ मध्ये आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावर फिरलेला क्रीपर हा स्वतःची प्रत करणारा प्रयोग आणि त्याला पुसण्यासाठी लिहिलेला रीपर इथपर्यंत ही कुळकथा मागे नेता येते. घरगुती संगणकापुरते बोलायचे तर १९८६ मधला ब्रेन हा फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये (संगणक सुरू होताना प्रथम वाचल्या जाणाऱ्या भागात) बसणारा व्हायरस आणि त्याच्या पाठोपाठ १९८७ पासून बाजारात आलेले पहिले अँटिव्हायरस ही सुरुवात. तेव्हा ज्ञात व्हायरस मोजके होते. प्रत्येकाच्या कोडमधला ओळखीचा तुकडा, म्हणजे सिग्नेचर, यादीत ठेवून फाइलशी ताडून पाहणे पुरत असे. संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच सिद्ध केले होते की प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारी पद्धत असूच शकत नाही. त्यामुळे सिग्नेचरच्या जोडीला संशयास्पद रचना हेरणे, प्रोग्रामच्या वागण्यावर नजर ठेवणे, आणि शंका आल्यास कंपनीच्या सर्व्हरला विचारणे असे थर चढत गेले. शेवटच्या प्रकाराने, ज्याला क्लाउड तपासणी म्हणतात, घरच्या मशीनवरचे काही ओझे उतरले. पण त्यातली कित्येक उत्पादने इंटरनेट नसताना तितकी तीक्ष्ण राहत नाहीत.

आधीच घरात असलेला अँटिव्हायरस

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर नावाचा पूर्ण अँटिव्हायरस प्रणालीतच येतो. त्याआधी डिफेंडर हे नाव केवळ स्पायवेअर (हेरगिरी करणारे प्रोग्राम) शोधणाऱ्या साधनाचे होते, आणि अँटिव्हायरस हवा असल्यास मायक्रोसॉफ्टचे सिक्युरिटी इसेन्शिअल्स २००९ पासून वेगळे उतरवून घ्यावे लागे. आजच्या विंडोज १० किंवा ११ वर काहीही न करता मायक्रोसॉफ्ट डिफेंडर चालू असतो. मॅकवर २००९ पासून एक्सप्रोटेक्ट नावाची साधी तपासणी प्रणालीतच आहे.

या नोंदीचा स्पष्ट कल असा : ज्या घरात ईमेल, बँकेचे व्यवहार, अभ्यास आणि व्हिडिओ एवढाच वापर आहे, प्रणाली अपडेट होत राहते आणि पायरेटेड सॉफ्टवेअर येत नाही, तिथे अंगभूत संरक्षण पुरते. दुसरे घ्यायचे तर त्याला कारण असावे : मुलांसाठी चांगले नियंत्रण हवे आहे, घरातली अनेक उपकरणे एकाच ठिकाणाहून सांभाळायची आहेत, किंवा डिफेंडर याच मशीनवर विशिष्ट कामात खरोखर अडतो आहे. ‘फुकटचे ते काय कामाचे’ हे कारण नव्हे.

डिफेंडर सर्वांत हलका मात्र नेहमी नसतो. त्याची एमएसएमपीइएनजी ही प्रक्रिया टास्क मॅनेजरमध्ये ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ या नावाने दिसते आणि पुष्कळांच्या रागाचे कारण होते. ठरल्या वेळच्या स्कॅनने प्रोसेसरचा सरासरी किती वाटा घ्यावा यासाठी त्यात एक मर्यादा आहे. ती मुळात ५० टक्के असते आणि पॉवरशेलमधून (आज्ञा टाइप करून काम करायच्या विंडोजच्या साधनातून) कमी करता येते. मशीन रिकामे असतानाच स्कॅन सुरू व्हावे अशीही सोय आहे. रिअल-टाइम तपासणीला मात्र ही मर्यादा लागू नाही, हे ध्यानात न घेता लोक आकडा २० वर आणतात आणि काहीच बदलले नाही म्हणून निराश होतात.

प्रयोगशाळांचे अहवाल कसे वाचावेत

जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन संस्था घरगुती उत्पादनांच्या वेगाची नियमित चाचणी घेतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरसुलभता या तीन बाबींना प्रत्येकी ६, असे एकूण १८ गुण देते. एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जच्या वेगाच्या चाचणीत फाइल कॉपी करणे, झिप करणे आणि उघडणे, प्रोग्राम इन्स्टॉल करणे, सुरू करणे, डाउनलोड आणि वेबसाइट उघडणे ही कामे अँटिव्हायरससह आणि त्याशिवाय करून फरक मोजतात.

एकूण गुणांकडे पाहून निवड करणे ही इथली सर्रास चूक. पहिल्या आठ-दहा उत्पादनांत गुणांचा फरक इतका कमी असतो की पुढच्या अहवालात क्रम सहज उलटतो. आपल्या कामाची ओळ शोधावी. रोज फक्त ब्राउझर वापरणाऱ्याला इन्स्टॉलच्या वेळेतला फरक वर्षातून चारदा जाणवेल. वेबसाइट उघडण्यातला फरक तासाला शंभरदा. वेगाचा तक्ता वाचताना चुकीच्या इशाऱ्यांचा, म्हणजे फॉल्स पॉझिटिव्हचा, आकडाही शेजारी ठेवावा. हा दोष किरकोळ नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एसव्हीसीहोस्ट ही, प्रणालीच्या सेवा चालवणारी, फाइल व्हायरस ठरवली आणि असंख्य संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसले. संगणकाला त्याहून मंद काही करता येत नाही.

अंगावर येणारी जोडकामे

मूळ इंजिन हलके असले तरी त्याच्याबरोबर येणारे सामान जड असू शकते. आजकाल पूर्ण ‘सुइट’मध्ये व्हीपीएन, पासवर्ड मॅनेजर, ड्रायव्हर अपडेटर, ‘पीसी क्लीनर’, ब्राउझर एक्स्टेन्शन आणि सतत उगवणाऱ्या ऑफर असतात. क्लीनर आणि ड्रायव्हर अपडेटर घरगुती संगणकाला लागत नाहीत. इन्स्टॉल करतानाच ‘कस्टम’ पर्याय निवडून ते वगळावेत. सुरक्षित वेबसाइटची वाहतूक मध्येच उलगडून तपासण्यासाठी काही उत्पादने संगणकात स्वतःचे प्रमाणपत्र बसवतात. त्याने ब्राउझिंग मंदावू शकते, शिवाय ब्राउझर आणि बँक यांच्यामध्ये तिसरा येऊन बसतो. ब्राउझरचा स्वतःचा धोकादायक पानांचा इशारा चालू असेल तर ही सोय बंद ठेवणे मला पटते.

मोफत उत्पादनांबाबत एक उदाहरण विसरता येणार नाही. अव्हास्ट आपल्या जम्पशॉट या उपकंपनीमार्फत वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकत असल्याचे उघड झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये ती उपकंपनी बंद करण्यात आली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणी १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. अँटिव्हायरसला संगणकातले सगळे दिसते. त्याच्यावर ठेवायचा विश्वास वेगाच्या तक्त्यात मोजला जात नाही.

घरच्या घरी मोजणी

बहुतेक कंपन्या काही दिवसांची मोफत चाचणी देतात. ती नीट वापरावी. आधी आपली तीन नेहमीची कामे ठरवावीत : समजा, संगणक सुरू करून ब्राउझरमध्ये पहिले पान दिसेपर्यंतचा वेळ, लहान फाइलींचे एक मोठे फोल्डर पेनड्राइव्हवरून कॉपी करणे, आणि रोज लागणारा सगळ्यात जड प्रोग्राम उघडणे. फोनमधल्या स्टॉपवॉचने प्रत्येक काम तीनदा मोजून मधला आकडा कागदावर लिहावा. मग नवा अँटिव्हायरस टाकून एक फुल स्कॅन पूर्ण होऊ द्यावे, दोन-चार दिवस नेहमीसारखे काम करावे, आणि तीच मोजणी पुन्हा करावी. टास्क मॅनेजरमध्ये नजर प्रोसेसरपेक्षा डिस्कच्या रकान्यावर ठेवावी. काहीच चालू नसताना तो १०० टक्क्यांना टेकून राहत असेल तर अडचण तिथे आहे.

मोजणी चालू असताना जुना अँटिव्हायरस मशीनवर राहता कामा नये. दोन रिअल-टाइम संरक्षणे एकत्र आली की एकच फाइल दोघे तपासतात आणि एकाचे वाचन दुसऱ्याला नवी हालचाल वाटते. वेग जातो आणि कधी कधी दोघेही अडकून बसतात. दुसरा अँटिव्हायरस आल्यावर डिफेंडर आपणहून बाजूला होतो, पण इतर उत्पादने तशी होतातच असे नाही. साध्या अनइन्स्टॉलनंतरही ड्रायव्हर मागे राहू शकतात. त्यासाठी कंपन्या स्वतःच वेगळे रिमूव्हल टूल देतात. ते चालवून रीस्टार्ट करावे.

सेटिंग बदलताना

फुल स्कॅन जेवणाच्या किंवा झोपेच्या वेळेवर टाकावे, आणि त्या वेळी संगणक खरोखर चालू असतो का हे पाहावे, नाहीतर काही उत्पादने राहिलेले स्कॅन सकाळी मशीन सुरू करताच हाती घेतात. ‘एक्स्क्लुजन’, म्हणजे विशिष्ट फोल्डर तपासणीतून वगळणे, हा सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत धोक्याचा उपाय. गेमचे किंवा व्हिडिओ संपादनाचे एखादे ठरावीक फोल्डर वगळणे समजण्यासारखे आहे. डाउनलोडचे फोल्डर, डेस्कटॉप किंवा सगळा डी ड्राइव्ह कधीही वगळू नये, कारण नको ते दारातून आत येते ते तिथूनच.

इतके बदल केल्यावर संरक्षण जागेवर आहे ना, हे तपासायला आयकार चाचणी फाइल आहे. ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी ओळ आहे. ती मजकूर फाइलमध्ये सेव्ह करताच बहुतेक अँटिव्हायरस खऱ्या व्हायरससारखे ओरडतात. अँटिव्हायरस गप्प राहिला तर वेगाचे कोडे चुकीच्या मार्गाने सुटलेले आहे.

जुना संगणक

दहा वर्षांच्या, हार्ड डिस्क असलेल्या संगणकावर अँटिव्हायरस बदलत राहणे बहुधा वेळ घालवणे ठरते. तिथे डिस्क बदलून एसएसडी बसवली की तोच अँटिव्हायरस, तीच प्रणाली निराळीच वाटू लागते. क्लॅमविन हे मुक्त सॉफ्टवेअर अशा मशीनवर हलके म्हणून सुचवले जाते. त्यात रिअल-टाइम संरक्षणच नाही, म्हणून ते हलके आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न चालणाऱ्या जुन्या मशीनवर सुरक्षा अपडेट येणे थांबले असेल, तर कोणताही अँटिव्हायरस, हलका वा जड, ती भोके बुजवू शकत नाही. असे मशीन चालू ठेवायचेच असेल तर त्यावर लिनक्स ही दुसरी, मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवणे किंवा त्याचे इंटरनेट काढून घेणे हे दोन मार्ग उरतात.